उत्तर आहे, विचारणारा सापडत नाही

पुण्यात 'नाही' हे पूर्ण वाक्य आहे. त्याला कर्ता, कर्म काही लागत नाही. दुकानात जाऊन 'अमुक आहे का' विचारावं, समोरच्यानं वर्तमानपत्रातून मान वर न काढता 'नाही' म्हणावं, आणि आपण निमूट पुढच्या दुकानाकडे वळावं. मी सदाशिव पेठेत जन्मलो आणि तिथेच वाढलो, त्यामुळे या 'नाही'त काही गैर आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. उलट दोघांचाही वेळ वाचतो. अशा माझ्यासारख्या माणसाला वानखडे बाईंच्या हाताखाली नोकरी करावी लागली, हे माझं नशीब.

आमचं माहिती केंद्र एका ट्रस्टचं. टिळक रस्त्यावरून आत वळलं की एका जुनाट इमारतीत त्याचे दोन मजले. डॉक्टर, कारखानदार, विद्यार्थी, कोणीही प्रश्न घेऊन यावं आणि त्यावर कुठे काय छापून आलंय ते आम्ही शोधून द्यावं, असं काम. शिवाय हे काम शिकवणारा एक वर्षाचा वर्ग होता. ग्रंथालयशास्त्राची पदवी झालेली मुलंमुली त्यात येत आणि पुढे इस्पितळांत, कंपन्यांत, कॉलेजांत नोकरीला लागत. वानखडे बाई केंद्राच्या प्रमुख आणि वर्गाच्या शिक्षिकाही. त्या मूळच्या अमरावतीच्या. मी दाते, प्रशासन बघणारा, म्हणजे पगारपत्रकं, रजा आणि नळ का गळतोय ते.

मी रुजू झालो त्याच आठवड्यात, काउंटरवर कोणी नव्हतं म्हणून मी जरा टेकलो होतो. एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "गुळाच्या ढेपेला बुरशी का येते, यावर काही आहे का आपल्याकडे?" मी मागच्या कपाटावर नजर टाकली आणि म्हणालो, "नाही."

"नाही, की तुम्हाला सापडलं नाही?" पाठीमागून आवाज आला. बाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे.

"तेच ना ते," मी म्हणालो.

"तेच कसं? 'नाही' म्हणायचं तर जग पालथं घातलेलं पाहिजे. तुम्ही तर खुर्चीतून उठले पण नाही." मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाल्या, "बसा तुम्ही. मी शोधून राहिली आहे."

हे 'शोधून राहिली' म्हणजे आमच्या स्टाफला मेजवानी होती. बाई इतकी वर्षं पुण्यात होत्या, शुद्ध बोलायच्या, लिहायच्या तर आमच्यापेक्षा चांगलं. पण घाई झाली की अमरावती बाहेर यायची. येऊन राहिली, करून राहिले, शोधून राहिले. एकदा मी चहाच्या वेळी म्हणालो, "म्हणजे शोधून झालं आणि बाई मागे राहिल्या." सगळे हसले. बाई दारातच होत्या. त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. विचारणारा निघून जाते, शोधणारा मागे राहते." आणि चहाचा कप उचलून, उभ्याउभ्याच पिऊन गेल्या. मला कळेना की हा टोला होता की साधं बोलणं.

उभ्याउभ्या हा शब्द बाईंसाठीच तयार झाला असावा. मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. केबिनमध्ये खुर्ची होती, पण तिच्यावर छत्री, पर्स आणि नियतकालिकांचा गठ्ठा बसलेला असे. सह्या उभ्यानं, फोन उभ्यानं, डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानं. एखादा प्रश्न अडला की त्यांच्या चपलांचा फटफट आवाज दोन्ही मजल्यांवर फिरू लागे. मग त्या कोणाचं तरी टेबल सरकवत, कपाटातली पुस्तकं उलटीपालटी लावत, नागपूरला नाहीतर बंगलोरला कोणा ओळखीच्या ग्रंथपालाला फोन लावत. "बाई, बसा ना जरा," म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "मी बसली की प्रश्न पण बसते."

हा आजार संसर्गजन्य होता. रविवारी आमटीभात कालवता कालवता मला त्या गुळाच्या बुरशीची आठवण यायची आणि जेवण बेचव व्हायचं. आमची ही म्हणायची, "ऑफिसचं काय एवढं?" मला त्या बाईंचा रागच यायचा. चांगला शांत माणूस होतो मी.

वर्गाचा पहिला दिवस मात्र बघण्यासारखा असायचा. नवीन मुलं वह्या-पेन घेऊन, केस विंचरून येऊन बसत आणि बाई म्हणत, "आज वर्ग नाही. कसब्यात जा. कोणाकडेच नसेल अशी एक वस्तू मनात धरा आणि दुकानादुकानांत मागा. काय उत्तर मिळते ते येऊन सांगा." मुलं दुपारी घामाघूम होऊन परत येत. कोणाला "नाही" मिळालेलं असे, कोणाला "बाहेर लिहिलंय ते वाचता येत नाही का", कोणाला नुसतीच हलवलेली मान. त्या उत्तरांवर बाई पुढचे आठ दिवस शिकवत. 'नाही' ऐकल्यावर तुम्हाला कसं वाटलं? दुसऱ्या दुकानात गेलात की घरी जावंसं वाटलं? मग तुमच्या काउंटरसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला काय वाटत असेल?

एका वर्षी नांदेडकडची एक मुलगी डावखुऱ्या माणसाची कात्री मागत फिरली. डोकं लढवलंन तिनं. पाचसहा दुकानांत तिची टर उडवली गेली. शेवटच्या दुकानातले म्हातारे उठले, माळ्यावर चढले, खोकत खोकत खाली उतरले आणि त्यांनी कागदात गुंडाळलेली कात्री तिच्यापुढे ठेवली. "कित्येक वर्षं पडून आहे. आता घ्याच," म्हणाले. बिचारी मुलगी, नको कसं म्हणणार? स्वतःच्या पैशानं विकत घेऊन आली आणि रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, माझा प्रयोग फसला."

बाईंना इतकं खूश झालेलं मी क्वचित पाहिलं. "फसला कुठे? तुम्ही 'नाही' घरूनच घेऊन गेल्या होत्या. त्या दुकानदारानं शोधलं," त्या म्हणाल्या. मुलीचे पैसे त्यांनी दिले आणि कात्री ऑफिसात ठेवून घेतली. आमच्यात डावखुरं कोणी नव्हतं. ती कात्री कागद कापण्याऐवजी दुमडायची. मी दर आठवड्याला साधी कात्री मागवतो म्हणायचो आणि दर आठवड्याला बाई म्हणायच्या, "आहे ना एक."

आता फळ्याबद्दल सांगतो, कारण सगळं त्याच्यापाशीच येतं.

केंद्राच्या दाराशी बाईंनी एक पांढरा फळा टांगला होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'हे आम्हाला सापडलं नाही'. त्याखाली जे जे प्रश्न अडले ते लिहिलेले, कुठे कुठे शोधलं तेही. येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावं, माहीत असेल तर सांगावं. सापडलं की ओळ पुसायची. या शहरातल्या दारांवरच्या पाट्या लोकांनी काय करू नये ते सांगतात. आमच्या दारावर आम्हाला काय जमलं नाही ते लिहिलेलं. मला त्याची लाज वाटायची. दुकानदार कधी 'आमच्याकडचे बटाटे किडके आहेत' असं लिहून लावतो का?

या फळ्यावरची सगळ्यांत वरची ओळ कधीच पुसली जात नसे. शाई फिकी झाली की बाई स्वतः ती पुन्हा गिरवत. ती अशी: 'मुलीच्या पावलासाठी डच डॉक्टरांचा लेख. उत्तर आहे. विचारणारा सापडत नाही.'

प्रत्येक वर्गाला त्या हे एकदा सांगत, खिडकीशी उभ्या राहून, बाहेर बघत. आजपासून मोजली तर तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी केंद्र जेवणासाठी बंद व्हायच्या बेतात असताना एक शेतकरी गृहस्थ आले. त्यांच्या लहान मुलीचं पाऊल आत वळत चाललं होतं. डॉक्टर म्हणत होते की कापाकापी करावी लागेल, पण कोणा डच डॉक्टरनं पट्टे बांधून पाऊल सरळ करायची रीत लिहिली आहे असं ऐकलंय; तो लेख मिळाला तर वाचून ठरवतो, नाहीतर पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. चिठ्ठीवर त्या लेखकाचं नाव होतं, आडनावाच्या आधी 'व्हॅन' असलेलं. बाईंनी लेखकसूचीच्या कपाटातला व्ही अक्षराचा खण ओढला, कार्डं चाळली आणि म्हणाल्या, "नाही." ते गृहस्थ "बरं" म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करताना बाईंच्या डोक्यात उजेड पडला. डच नावं 'व्हॅन'खाली लावत नाहीत, पुढच्या शब्दाखाली लावतात. आमच्या कामातला हा अगदी बाळबोध नियम. त्याच महिन्यात त्यांनी तो वर्गाला शिकवला होता, परीक्षेत विचारला होता. धावत आल्या, दुसरा खण उघडला, कार्ड होतं. नियतकालिक जागेवर होतं. माणूस मात्र गेला होता. नाव विचारलं नव्हतं, डॉक्टरचं नाव वाचलं नव्हतं. फक्त 'लोणीकडून आलोय' एवढं त्यांनी ऐकलं होतं. पुण्याच्या भोवती लोणी एक नाही. बाई लोणी काळभोरला जाऊन आल्या, लोणी कंदला जाऊन आल्या, बाजाराच्या दिवशी उभ्या राहिल्या, दवाखान्यांत विचारलं. लेखाची झेरॉक्स पर्समध्येच असायची.

स्टाफमध्ये तेव्हापासून एक शब्द रूढ झाला. काही हुकलं की 'व्हॅन चुकली' म्हणायचं. बाईंसमोरही म्हणायचे, आणि त्या ऐकून घ्यायच्या. मला ते आवडत नसे. चुकीची एवढी जाहिरात कशाला, असं मला वाटे. आणि दुसरीकडे असंही वाटे की त्या माणसानं एकदा यावं आणि या बाईंना सोडवावं. मुलीचं काय झालं असेल, हा प्रश्न त्यांच्या चपलांच्या आवाजात दिवसभर असायचा. मला तो ऐकू यायचा.

मग ट्रस्टच्या अनुदानासाठी पाहणी समिती यायची ठरली. वर्ग चालू ठेवायचा की नाही ते त्यांच्या अहवालावर होतं. आमचे सचिव आदल्या दिवशी येऊन फळ्यासमोर उभे राहिले.

"वानखडे बाई, हा फळा आजच्या आज पुसा. पाहुणे दारात आपलं अपयश वाचणार का?"

"अपयश नाही ते. चालू काम आहे."

"मग निदान ती पहिली ओळ तरी. कुठल्या काळची भानगड आहे ती."

"ती तर नाहीच," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून निखळ पुणेरी 'नाही' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. फळा राहिला. दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष चष्मा वर करून तो सगळा वाचत बसले आणि म्हणाले, "एवढं सगळं सापडत नाही तुम्हाला?" बाई समजावून सांगू लागल्या, पण ते पुढच्या खोलीत गेले होते. अहवालात काय आलं असेल ते सांगायला नको. पुढच्या वर्षी वर्ग बंद झाला. 'हल्ली सगळं फोनवर मिळतं' हे कारण वर जोडलेलं होतंच. फळा सचिवांनी दारावरून काढायला लावला. फेकून द्या म्हणाले होते. मी तो मागच्या बोळकांडीत, पिण्याच्या पाण्याच्या कूलरशेजारी टांगला. इतकी वर्षं त्याच्यावर कुरकुर केली, पण फेकवेना. लवकरच बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभातही खुर्ची नाकारून खांबाला टेकून उभ्या होत्या. मला फार वाईट वाटलं. मी भाषणात मात्र विनोद केले.

निवृत्तीनंतर बाई दर सोमवारी यायच्या, कूलरचं पाणी प्यायच्या, वरची ओळ गिरवायच्या आणि जायच्या.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एक म्हातारे गृहस्थ, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, नातवाला घेऊन आले. नातवाला कसल्याशा परीक्षेची पुस्तकं हवी होती. उन्हातून आलेले, म्हणून मी म्हणालो, "मागे कूलर आहे, पाणी घ्या." ते गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी बघायला गेलो तर हातात भरलेला पेला तसाच, आणि नजर फळ्यावर.

"ही वरली ओळ," ते म्हणाले, "ही आमच्या सुमनची हाय का?"

मी त्यांना आधी खुर्चीवर बसवलं, मग मी बसलो. लोणी काळभोरचेच होते. आडनावही काळभोरच. बाईंनी तिथे चौकशी केली होती, पण 'मुलीचा पाय' असं विचारत. आणि यांच्या घरात तोवर पायाची तक्रारच उरली नव्हती.

"अहो, त्या बाई नाही म्हणल्या, मंग मी कशाला थांबतोय? समोर रिक्षा धरली आन् त्या मोठ्या दवाखान्याच्या लायब्ररीत गेलो. तिथं एका पोरानं बसल्या जागी काढून दिला कागद. डॉक्टरनं वाचला, पट्टं बांधलं, कापायचं टळलं. आता शाळेत मास्तरीण हाय सुमन. ह्यो तिचाच पोरगा." मग म्हणाले, "लई उपकार झालं बाईंचं. सरळ नाही म्हणल्या. 'थांबा, बघते' म्हणल्या असत्या तर मी दोन दिस तिथंच बसून राहिलो असतो."

मी त्यांचा पत्ता आणि फोन घेतला. हे मात्र बाईंनी शिकवलेलं होतं. ते गेल्यावर मी कितीतरी वेळ तिथेच होतो. आनंद तर झालाच होता, डोळे भरून आले होते. पण हे बाईंना सांगायचं कसं? मुलगी बरी आहे एवढंच सांगावं आणि 'नाही' म्हणालात तेच बरं झालं, हे गाळावं? त्या एका 'नाही'वर त्यांनी सगळं शिकवणं उभं केलं होतं. पोरांच्या पिढ्या घडवल्या होत्या. वर्गही त्याच ओळीपायी गेला होता. आणि म्हातारा म्हणत होता, उपकार झाले.

सोमवारपर्यंत मला धीर निघाला नाही. बाईंचं बिऱ्हाड पेठेतच, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडून त्या पुन्हा ओट्याकडे वळल्या, चहा टाकत होत्या. मी सगळं सांगितलं. गाळलं काही नाही. अर्धं उत्तर दिलं तर बाईंना लगेच कळतं.

त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. चहा उतू गेला तरी हलल्या नाहीत. मीच पुढे होऊन गॅस बंद केला.

"पाऊल सरळ आहे?"

"शाळेत शिकवते. मुलगा आहे, परीक्षेला बसतोय."

"बाप्पा," त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं. मग, "म्हणजे दाते, एवढी वर्षं मी पोरांना उलटं शिकवून राहिली होती?"

"मला नाही वाटत तसं," मी म्हणालो. तेही धड नाही.

त्यांचं लक्ष नव्हतं. त्या खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. चपला घरातही पायात होत्या. "लायब्ररीत पोरगा होता म्हणाले? बसल्या जागी काढून दिला? व्हीच्या खणात गेला नाही तो. त्याला नियम माहीत होता. त्या वर्षी तिथे कोण होतं? आपल्या वर्गाचं कोणी होतं का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, की विचारलं नाही?"

"विचारलं नाही," मी म्हणालो.

"मग अर्धंच काम करून आले तुम्ही," बाई म्हणाल्या आणि खुंटीवरची पर्स काढली. मी म्हणालो, रिक्षा करू, मीही येतो. "नाही," त्या म्हणाल्या. "प्रश्न माझा आहे. तुम्ही फक्त ती ओळ पुसू नका. मी येऊन पुसीन." फोनवर त्यांनी काळभोरांना येते म्हणून कळवलं आणि तशाच निघाल्या. पुढच्याच महिन्यात त्या बहिणीकडे अमरावतीला राहायला गेल्या. ओळ पुसायला आल्या नाहीत. मीही पुसलेली नाही. लायब्ररीतल्या त्या पोराचं काय कळलं ते फोनवर विचारायचं रोज ठरवतो.

लोणीला निघाल्या त्या दिवशी, त्यांनी नको म्हटलं तरी, मी त्यांना स्वारगेटपर्यंत सोडायला गेलो. लोणीची बस लागलेली होती, बरीचशी रिकामी. बाई चढल्या, आणि नेहमीप्रमाणे दांडा धरून उभ्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, एवढी जागा आहे, बसा की." त्या त्याला काहीतरी म्हणाल्या. बस हलली. वळणावर ती आडवी आली तेव्हा मी खिडक्यांमधून बघू लागलो. पुढे पाहिलं, मागे पाहिलं, बाई दिसेनात. उतरल्या की काय, पडल्या की काय, हजार शंका. मग नीट पाहिलं. मी उभ्या माणसांत शोधत होतो. बाई बसल्या होत्या.